कनेरगाव नाक्यापर्यंत

चहाचा कप हातात घेताना मिनानं रामप्रसादकडे बघितलं, ती हसली, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की तिचं लक्ष आपल्याकडे नाही. कप सांडला नाही. तिचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते, हसणंही खोटं नव्हतं. पण तिचा श्वास जरासा अडला, खालचा ओठ किंचित आत ओढला गेला, आणि तिचं सगळं मन डावीकडे, दाराजवळ भरून ठेवलेल्या बॅगेपाशी जाऊन थांबलं. दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. बास्केटबॉलच्या मैदानावर तिच्यासमोर हात पसरून उभ्या राहणाऱ्या मुलींनाही दिसत नसे, म्हणून तर नागपूरच्या त्या सरकारी खात्यानं तिला आपल्या संघात घेतलं होतं आणि नोकरीही दिली होती. ती समोर बघायची आणि चेंडू बाजूला जायचा. हे तिला त्यानंच शिकवलं होतं, याच खोलीत, याच खिडकीपाशी. श्वास अडतो आणि ओठ आत जातो, ही तेवढी खूण मात्र त्यानं तिला कधी सांगितली नव्हती. का सांगितली नाही, याचा त्यानं विचारही केला नव्हता. साखर बराबर आहे का, असं त्यानं विचारलं. आहे, ती म्हणाली. रजा आज संपत होती, संध्याकाळच्या गाडीनं ती जाणार होती, तेव्हा बॅगेकडे लक्ष जाणं साहजिकच होतं, असं त्यानं स्वतःला दोनदा समजावलं. मग शर्टाची बटणं लावता लावता त्याचे हात थांबले. आधीच्या रजा संपतानाही ती बॅग तिथेच असायची, आणि पायाला तिची ठेच लागेपर्यंत मिना ती विसरलेली असायची. ती आता परत येणार नाही, हे त्याला शब्दांत न येताच समजलं. तो खाली उतरला, मोटारसायकल सुरू केली आणि रोजच्यासारखा दुकानात गेला.

हिंगोलीच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात तो बारावी झाल्यापासून होता. मालक वैजनाथशेठ दुपारनंतर येत; तोपर्यंत भिंगं घासणं, काड्या वाकवणं, नंबर तपासणं सगळं त्याच्याकडे. आज सकाळीच औंढ्याकडची द्वारकाबाई नावाची म्हातारी नातीबरोबर आली. तपासणीची जड लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर ठेवून तो एकेक काच बदलत गेला. उजवा डोळा झाका. आता डावा झाका. आता कसं दिसून राहिलं? म्हातारी पाटीवरची अक्षरं सोडून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. वाचता तिला येत नव्हतंच. त्यानं लहान लेकरांसाठीची, प्राण्यांच्या चित्रांची पाटी लावली. ती तरीही त्याच्याकडेच बघत राहिली आणि म्हणाली की लेकरा, तुझा चेहरा काहून उतरला रे. नात हसली. तोही हसला. काच बदलताना त्याच्या बोटांचा ठसा भिंगावर उमटला, तो त्यानं पुसला, पुन्हा उमटला. बोटांना घाम येत होता. हिवाळ्याची सकाळ होती, रस्त्यावर लोक मफलर गुंडाळून चालले होते, आणि त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता.

कोण असेल, याचा तो विचार करत होता. फोनवर बोलताना मिना एका सरांचं नाव घ्यायची. सर असं म्हणाले, सरांनी धावायला लावलं. त्या सरांना त्यानं एकदाच फोटोत बघितलं होतं, संघाच्या मुलींच्या कडेला, टोपी घातलेला उंच माणूस. त्या माणसाला त्यानं आता दुकानात आणून समोरच्या स्टुलावर बसवलं, त्याच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम ठेवली, एकामागून एक काचा टाकल्या, आणि प्रत्येक काचेतून त्या माणसाला मिना दिसतेय का ते विचारलं. स्वतःच्या या खेळाची त्याला लाज वाटली. पण त्यात एक बरं होतं. कोणीतरी असेल, तर गोष्ट सोपी होती. रागावता आलं असतं. तांड्यावर जाऊन सासऱ्यांना, धर्मसिंगांना, सांगता आलं असतं. चार माणसं बसली असती, चार शब्द इकडचे तिकडचे झाले असते. तो त्या टोपीवाल्या माणसाला घट्ट धरून बसला आणि तरीही तो माणूस सारखा विरघळत होता, कारण मिनाला खोटं बोलायला जमत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चेंडू कुठे टाकायचा हे लपवायला शिकवायलाच त्याला केवढे कष्ट पडले होते. कॉलेजात असताना ती जिकडे पास द्यायची तिकडे आधी बघायची. मान, डोळे, खांदे, सगळी मिना त्या बाजूला वळायची. नांदेडच्या मुली तिचे डोळे वाचून मधेच चेंडू काढून घ्यायच्या आणि ती मैदानाच्या मधोमध उभी राहून कुणीतरी फसवल्यासारखी इकडेतिकडे बघायची. लग्नाआधी त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं ते तसं. तांड्यावरची, आश्रमशाळेत वाढलेली, सगळ्यांत बुटकी, आणि डोळ्यांत जे असेल ते उघड्यावर ठेवणारी मुलगी.

लग्नानंतर खेळ आपोआप सुटला होता, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका दुपारी तिला अचानक रक्तस्राव सुरू झाला, दवाखान्यात नेल्या नेल्या ऑपरेशन झालं, मिना वाचली, मुलगी आतच गेलेली होती. कुणाला दोष द्यावा असं काही घडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं आणि त्यानं शांतपणे ऐकलं. मिनाची शुद्ध पूर्ण यायच्या आत परिचारिकेनं टॉवेलात गुंडाळलेलं ते त्याच्या हातात दिलं. त्याची सासू, भिकाबाई, म्हणाली की तिला दाखवू नका, बघितलं की मग सुटत नाही. तो आणि धर्मसिंग जीपनं तांड्याकडे गेले, शेताच्या कडेला पळसाखाली खड्डा केला. परत आला तेव्हा मिना भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी आल्यावर, महिने गेल्यावरही नाही. तिनं विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही. डोळे मिटले की तिचं अंग कापायला लागायचं, म्हणून ती रात्र रात्र उघड्या डोळ्यांनी पडून असायची, आणि तो शेजारी डोळे मिटून, जागा.

गल्लीत शिलाताई राहायच्या. देवळाच्या सभामंडपात पहाटे बायकांना योगासनं शिकवायच्या. त्या एक दिवस मिनाला हाताला धरून घेऊन गेल्या. शवासनात सगळ्या बायका डोळे मिटून पडल्या आणि मिना उठून बसली. शिलाताईंनी तिला बोल लावला नाही. डोळे मिटवत नसतील तर उघडे ठेव, पण एका जागी ठेव, असं म्हणून त्यांनी तिच्यासमोर समई आणून ठेवली. ज्योतीकडे पापणी न हलवता बघायचं, पाणी आलं की येऊ द्यायचं. त्राटक. मिनाच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि ते त्राटकाचं म्हणून तिथल्या कुणीच तिला गप्प राहा म्हटलं नाही. हळूहळू तिला झोप लागायला लागली. मग भ्रामरी, मग ताडासन, वृक्षासन. एके दिवशी तो दुकानातून आला तर पलंगाखालचा जुना, हवा गेलेला चेंडू तिनं बाहेर काढून पुसून ठेवला होता.  तो तसाच वळला, सायकलच्या दुकानातून हवा भरून आणला.

पुढचं सगळं त्याच्या डोक्यातून निघालं. डोळा आळशी झालेल्या लेकरांना दोरी आणि मण्यांचा व्यायाम देतात, तो त्याला दुकानामुळे माहीत होता. खेळाडूही तसलेच व्यायाम करतात असं त्यानं मोबाइलवर बघितलं आणि तो कामाला लागला. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं मिनाच्या नाकाशी, मधे तीन रंगीत मणी. एकावर नजर ठेवली की बाकीचे दोन-दोन दिसायला हवेत. चेंडूवर त्यानं खडूनं अक्षरं लिहिली. फिरत येणाऱ्या चेंडूवरचं अक्षर ओरडून सांगायचं आणि मग पकडायचा. पण सगळ्यांत अवघड होतं ते कडेनं बघणं. वृक्षासनात एका पायावर उभी राहून मिना भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायची आणि तो तिच्या बाजूला उभा राहून बोटं दाखवायचा. किती? दोन. आता? चार. तो एकेक पाऊल मागे सरकायचा, अगदी तिच्या कानाच्या रेषेपर्यंत, आणि ती मान न हलवता बोटं मोजायची. नंतर त्यानं ठिपका काढून टाकला आणि स्वतःच समोर उभा राहिला. माझ्या डोळ्यांत बघ, पास खिडकीकडे टाक. माझ्या डोळ्यांत बघ, पास दाराकडे. खरं सांगायचं तर त्याला चेंडूशी फारसं देणंघेणं नव्हतं. दवाखान्यानंतर मिनानं त्याच्या तोंडाकडे बघणंच सोडलं होतं, आणि आता रोज पहाटे ती त्याच्याकडे बघत होती, ठरवून, बराच वेळ. तो तिचा चेहरा तपासायचा. आज डोळे सुजलेत का, आज रात्री झोपली का, आज ते मनात आलं का. तिच्या पापणीची, भुवईची, ओठांची प्रत्येक हालचाल त्याला पाठ झाली. ती बरी होत गेली. कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर संध्याकाळी जायला लागली, तिथल्या मुलींना हरवायला लागली, मग जिल्हा, मग विभाग, मग नागपूरची निवड. निवडीच्या दिवशी ती त्याच्या गळ्यात पडून रडली होती. त्यालाही रडू आलं होतं, आनंदानंच. निदान तेव्हा तरी त्याला तो आनंदच वाटला होता.

वैजनाथशेठ आल्यावर तो सांगून निघाला आणि मिनाला घ्यायला घरी आला. गाडी हिंगोलीच्या बसस्थानकावरूनच निघते, पण मिना म्हणाली की मला नाक्यापर्यंत सोडा, कनेरगावला बसते. एवढंच. त्यानं काहून असं विचारलं नाही. ती मागे बसली, बॅग दोघांच्या मधे ठेवली. एरवी ती बॅग पाठीवर घ्यायची. गाव सुटल्यावर वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं. दोन्ही बाजूंना हळदीची पानं पिवळी पडत चालली होती, हरभरा मात्र हिरवागार होता, आणि ऊन असूनही हवेत थंडी होती. मागून तिचा आवाज येईल म्हणून त्याचे कान मागेच होते. ती एकदाच बोलली, पुढं खड्डा हाय, म्हणून. बॅगेचा कडक कोपरा त्याच्या कण्याला टोचत होता आणि तो टोचतोय तोवर ती मागे आहे, अशा काहीतरी विचारात तो इतका हळू चालवत होता की ऊस भरलेला ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागे टाकून गेला.

नाक्यावरच्या ढाब्यावर ते बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. गाडीला वेळ होता. त्यानं दोन चहा सांगितले आणि ती काही म्हणायच्या आत स्वतःच बोलायला लागला. आपणही नागपूरला यावं असं ठरवलंय, तिथं बी चष्म्याची दुकानं हायतच, शेठ ओळखीनं एखाद्या ठिकाणी लावून देतील, खोली लहान असली तरी चालेल, सकाळचा सराव पहिल्यासारखा करता येईल. तो भराभर बोलत होता आणि बोलताना सवयीनं तिचा चेहरा वाचत होता. तिनं त्याला सगळं बोलू दिलं.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली.

टोपीवाला माणूस त्याच्या मनात उठून उभा राहिला. "कोणी हाय का तिथं?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

मिनानं मान हलवली. "न्हाई. कोणी न्हाई. कोणी असतं तर सांगाया सोपं व्हतं." हेच वाक्य सकाळपासून त्याच्या मनात होतं, आणि आता तिच्या तोंडून ऐकल्यावर तो टोपीवाला माणूस कायमचा गेला. समोरच्या टेबलावर ट्रकचे दोन ड्रायव्हर पोहे खात होते. मिना त्यांच्याकडे बघत बोलायला लागली, मग थांबली, आणि ठरवल्यासारखी त्याच्याकडे वळली. तिचा श्वास कुठेही अडला नव्हता. ओठ जागच्या जागी होता.

"तुमी माझ्याकडं बघता ना," ती म्हणाली, "तवा मी बरी हाय का ते बघता. रोज. मी हसले तरी बघता, जेवले तरी बघता. अन् तुमी बघितलं की मला तीच आठवते. तिथं पोरींत मी हसले तर नुसती हसते. कोणाला काही माहीत न्हाई माझं. तिथं मी फक्त मिना असते. तुमी वाईट असते तर मी भांडून गेले असते. तुमी चांगले हायत, तीच तकलीफ हाय."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मी बघणं सोडतो, असं म्हणायचं होतं. मी दुसरीकडे बघेन, भिंतीकडे बघेन, तू म्हणशील तिकडे बघेन. पण ते शक्य नव्हतं हे त्यालाही कळत होतं, कारण त्या क्षणीसुद्धा तो तिच्या डोळ्यांखालची काळी रेषा बघत होता आणि तिला काल झोप लागली की नाही ते ठरवत होता. त्यानं खाली बघितलं. चहावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं बाजूला केली. घरी कधी येशील, असं त्यानं विचारलं, आणि ती म्हणाली की आईकडे येईन, बापाला मी सांगते, तुमी कोणाला काही सांगू नका. सोडचिठ्ठीच्या कागदांचं पुढं बघू. त्यानं बरं म्हटलं. इतक्या लवकर बरं म्हणायला नको होतं असं त्याला वाटलं.

 लग्नाच्या पहिल्या दिवसांत ती घरात गोरमाटीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीतच बोलायची. पुढं खेळाचं, सरावाचं, नंतर सगळंच बोलणं मराठीत होत गेलं होतं. आता मिनानं खाली बघत, गोरमाटीत, अगदी हळू आवाजात त्याला विचारलं की ती दिसायला कशी होती.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं हा प्रश्न येईल म्हणून तो तयार होता, आणि येणार नाही म्हणूनही तयार झाला होता. तोही गोरमाटीत बोलला. त्यानं सांगितलं की केस खूप होते, ओले, कपाळाला चिकटलेले. रंग तुझ्यावर गेला होता. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, मी ती बोटानं सरळ केली तर पुन्हा दुमडली. नखं होती, एवढी एवढी, पूर्ण. एक मूठ मिटलेली होती, दुसरी अर्धी उघडी. ओठ तुझ्या आईसारखे. रडून थकलेलं लेकरू झोपतं तशी दिसत होती. तुझ्या बापूंनी तुझ्याच जुन्या साडीचा तुकडा आणला होता, टॉवेल काढून त्यात गुंडाळली. ती हिरवी साडी. गार लागू नये म्हणून मी डोक्यावरूनही घेतली. हे सगळं तो एका लयीत सांगत गेला, काही न गाळता, कारण त्यातलं काहीही तो विसरला नव्हता. रोज रात्री डोळे मिटून पडल्यावर तो हेच बघत आला होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. हे एकट्याचं होतं. मिना ऐकत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही, फक्त मधेच एकदा विचारलं की कोणता कान. डावा, त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुढं सांगा अशी खूण केली.

गाडी आली तेव्हा उन्हं उतरली होती. त्यानं बॅग वर चढवून दिली. मिनानं दारात उभं राहून त्याच्या हाताला हात लावला, नुसता टेकवला, आणि आत गेली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं. गाडी वाशीमच्या दिशेनं लहान होत गेली, तिच्या मागची धूळ रस्त्यावर बसली, मग दुसरी वाहनं आली.

तो परत खुर्चीवर जाऊन बसला. ड्रायव्हर निघून गेले होते. ढाब्यावरच्या माणसानं टेबल पुसलं, दोन्ही कप उचलले. घरी जाऊन काय करायचं याचा विचार त्याला सुचेना, म्हणून त्यानं रोज रात्री करायचा तसं केलं. डोळे मिटले आणि मुलीला समोर आणायला गेला. ओले केस. दुमडलेला कान. अर्धी उघडी मूठ. हिरवी साडी. आत्ताच बोललेले शब्द एकामागून एक आले, त्याच्याच आवाजात, त्याच क्रमानं, आणि त्यांच्यामागे काही नव्हतं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शब्दच आले. चेहरा नव्हता. तो इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला चेहरा मिनाबरोबर गाडीत बसून निघून गेला होता. पोर आपल्या आईकडेच गेली, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यानंही बरं वाटलं नाही. अंधार पडायच्या आत हिंगोलीला पोचायला हवं होतं. तो उठला, पण मोटारसायकलची किल्ली कुठल्या खिशात आहे ते त्याला सापडेना, आणि तो दोन्ही खिशांत हात घालून तसाच उभा राहिला.